कुणाचा तरी श्वास

डॉक्टरांनी "आता तीन महिन्यांनी या" म्हणून फाईल मिटली, त्या दिवसापासून कुंदा तायडेची झोप उडाली.

उपचार चालू होते तोवर ती झोपत होती. किमो घेऊन घरी आली की उलट्या व्हायच्या, तोंडाला चव नसायची, पण पडल्या पडल्या डोळा लागायचा. दर आठवड्याला कुणीतरी रक्त काढत होतं, कुणीतरी हात लावून बघत होतं. तिच्या वतीने कुणीतरी लक्ष ठेवून होतं. फाईल मिटली आणि ते काम तिच्या एकटीवर येऊन पडलं. ती ते रात्रंदिवस करू लागली. पाठीत चमक आली की वाटायचं, हाडात गेलं. ठसका लागला की वाटायचं, फुप्फुसात गेलं. काखेत, गळ्याखाली, मानेवर बोटं फिरवून गाठ शोधायची. सापडली नाही की पुन्हा पहिल्यापासून शोधायची, कारण मघाशी नीट दाबून बघितलं होतं की नाही याची खात्री नसायची.

२०३९ साल होतं. रक्ताच्या थेंबात कॅन्सरच्या पेशींचे तुकडे आहेत का, हे सांगणारी तपासणी आता तालुक्याच्या गावीही होत होती. दर तीन महिन्यांनी कुंदाचा निकाल स्वच्छ यायचा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती बरी असायची. मग वाटायचं, तपासणी होऊन तीन दिवस झाले, तीन दिवसांत काय होईल कुणी सांगावं?

कुंदा अकोल्याला भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होती. वय सत्तेचाळीस. शेतांच्या हद्दी मोजून द्यायचं काम. तिच्या मोजणीवर कुणी अपील केलं तर ते टिकत नाही, अशी तिची ख्याती होती. मुलगी लग्न होऊन इंदूरला. घरात कुंदा आणि दिवाकर दोघंच. दिवाकरचं डाबकी रोडवर मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपांच्या मोटारी उघडून तो त्यात नवी तार भरायचा.

दिवाकर फार बोलणाऱ्यांतला नव्हता. रात्री तो कुंदाच्या पाठीवर हात ठेवून पडायचा. ती कूस बदलायला लागली की हात दाबला जायचा.

"काय झालं?"

"काही नाही. झोपा तुम्ही."

तोही झोपत नसे. झोप लागल्याचं दोघंही सोंग घ्यायची आणि दोघांनाही ते कळायचं. असं दीड वर्ष चाललं.

---

नागपूरच्या एका संशोधन केंद्रात डॉ. यशोधरा किल्लेदार कॅन्सरमधून उठलेल्या माणसांच्या झोपेवर काम करत होत्या. कुंदाच्या डॉक्टरांनी तिला त्यांच्याकडे पाठवलं. पहिले सहा आठवडे यंत्र वगैरे काही नव्हतंच. नुसते नियम होते.

"रात्री बाराच्या आधी अंथरुणाला पाठ लावायची नाही," किल्लेदार मॅडम पडद्यावरून म्हणाल्या. "सकाळी साडेपाचला उठायचं. झोप झाली असो वा नसो."

"मॅडम, मला झोप येत नाही म्हणून मी आले. तुम्ही अजून कमी झोपायला सांगताय?"

"तुम्ही दहाला पडता आणि तीनपर्यंत काळजी करता. अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा, हे तुमच्या मेंदूनं पाठ करून टाकलंय. ते विसरायला लावायचं. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. आणि काळजीला वेगळी वेळ द्यायची. संध्याकाळी साडेपाच ते सहा. वही घ्यायची आणि काय वाटेल ते लिहायचं. सहा वाजले की वही बंद."

कुंदाला हे पटलं नव्हतं, पण नियम दिला की पाळायचा ही तिची सवय. पहिले दहा दिवस ती दिवसभर पेंगत होती. मग हळूहळू झोप जमू लागली. तीन तासांची साडेचार तासांची झाली. तिथे मात्र अडली. पहाटे अडीचला खाडकन जाग यायची, काळीज धडधडत असायचं आणि बोटं आपोआप मानेकडे जायची.

"आता पट्टा देऊन बघू," मॅडम म्हणाल्या.

त्या पट्ट्यामागचा शोध साधाच होता. श्वास सावकाश सोडला की मानेतून छातीकडे उतरणारी एक मोठी नस जागी होते, हृदयाची गती उतरते, शरीराला धोका टळल्यासारखं वाटतं. हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. संशोधकांनी आधी यंत्र बनवलं. बरगड्यांभोवती पट्टा, त्यात हवेच्या बारीक पिशव्या. त्या सावकाश फुगायच्या, बसायच्या, आणि माणसाचा श्वास त्यांच्या मागोमाग जायचा. आठ-दहा दिवस छान गुण यायचा, मग बंद. घड्याळाची टिकटिक काही वेळानं ऐकू येईनाशी होते, तसा मेंदू त्या लयीकडे दुर्लक्ष करायला लागायचा. म्हणून त्यांनी झोपलेल्या माणसांचे श्वास टिपून तेच वाजवून बघितले. मेंदूनं तेही दोन आठवड्यांत ओळखले.

मग कुणीतरी दोन रुग्णांचे पट्टे एकमेकांना जोडले. याचा श्वास त्याच्या बरगड्यांवर, त्याचा याच्या. जिवंत माणसाचा श्वास कधी सारखा नसतो. मध्येच उसासा, मध्येच थांबणं. मेंदू त्याला कंटाळला नाही. जवळ कुणीतरी आहे आणि ते शांत आहे, एवढी बातमी शरीराला रात्रभर मिळत राहिली. हजारो वर्षं माणसं कळपानं झोपली. कुणीतरी जागं असायचं, म्हणून बाकीच्यांना डोळे मिटता यायचे. किल्लेदार मॅडमच्या मते झोप म्हणजे पहारा दुसऱ्याच्या हाती देणं.

"जोडीदार कोण, हे तुम्हाला कळणार नाही," त्यांनी बजावलं. "नाव नाही, गाव नाही, बोलणं नाही. तुमच्यासारखंच कुणीतरी, एवढंच. सुरुवातीच्या जोड्या एकमेकांना ओळखत होत्या. त्यातल्या एकाचा आजार परत आला की दुसऱ्याची झोप जायची. सहा महिने वापरायचा, मग हळूहळू सोडवायचा. मध्येच सोडावासा वाटला तर सात दिवस आधी कळवा, म्हणजे त्या माणसाला दुसरा जोडीदार शोधता येईल. नवी जोडी जमायला मात्र तीनेक आठवडे लागतात."

जूनमध्ये कुंदानं पट्टा बांधला. डाव्या बाजूला, स्तनाच्या शस्त्रक्रियेच्या व्रणाच्या चार बोटं खाली तो बसत होता. बाराला ती आडवी झाली. थोड्या वेळानं बरगड्या कुणीतरी अलगद आतून उचलल्यासारख्या वाटल्या आणि मग खाली ठेवल्यासारख्या. मध्ये बराच वेळ काहीच नाही. पुन्हा उचलल्या. तिला हसू आलं, थोडी भीतीही वाटली. कोण असेल? बाई की पुरुष? बाईच असावी, असं तिनं मनाशी धरलं. त्या श्वासात एक लकब होती: दर सहा-सात श्वासांनी एक लांब उसासा, दिवसाचं काम आटोपल्यावर टाकतात तसा.

डोळे उघडले तेव्हा साडेपाचचा गजर होत होता.

---

पहिले आठ दिवस दिवाकर खूश होता. त्यानं इंदूरला फोन करून मुलीला सांगितलं, दुकानात दोघा-तिघांना सांगितलं. मग तो गप्प झाला. एका रविवारी जेवता जेवता म्हणाला, "त्या पट्ट्यात असं काय हाय वो? मी दीड वर्ष हात ठेवून झोपलो. तवा नाही लागली झोप."

हाच प्रश्न कुंदानं मॅडमना विचारला होता. त्यांचं उत्तर तिनं जसंच्या तसं सांगून टाकलं. "मॅडम म्हणे, तुमचा हात घाबरलेला असतो. तो रात्रभर विचारतो, बरी आहेस ना? मग मलेही वाटते, काहीतरी झालं असंन."

दिवाकरनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"मंग नाही ठेवत," तो म्हणाला.

त्या रात्रीपासून तो भिंतीकडे तोंड करून झोपू लागला. कुंदाला दोन-तीनदा वाटलं, म्हणावं, तसं नाही हो. पण झोप लागत होती. दीड वर्षानंतर लागत होती. तिनं ते बोलणं पुढे ढकललं आणि रोज ढकलत राहिली.

पुढे नऊ ऑक्टोबरला ऑफिसात बसली असताना तिच्या फोनवर निरोप आला. वंदना इंगळे गेली. वंदना आणि ती एकाच खोलीत शेजारशेजारच्या खुर्च्यांवर किमो घेत होत्या. टक्कल पडल्यावर दोघींनी मिळून एकसारखे स्कार्फ घेतले होते. वंदनाचीही फाईल मिटली होती. उन्हाळ्यात तिची कंबर दुखायला लागली, आणि आता ती नव्हती.

कुंदानं घरी काही सांगितलं नाही. दिवाकर हल्ली कुठे जरा झोपायला लागला होता, त्याला कशाला जागवायचं? संध्याकाळच्या वहीतही तिनं ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं.

ऑक्टोबर सरता सरता जोडीदाराचा श्वास बदलला. उसासा यायचा बंद झाला. श्वास आखूड झाले. मध्येच तीन-चार धक्के बसायचे आणि मग सगळं थांबायचं. खोकला. कुंदानं डोळे उघडले. ती मोजू लागली. मिनिटाला नऊ होते, ते तेरा झाले. पंधरा झाले. खोकला रात्री चारदा, मग सहादा. पाचव्या दिवशी तिनं स्वतःशी निकाल देऊन टाकला: फुप्फुसात गेलंय. त्या बाईचं परत आलंय. आता पट्ट्यातून येणाऱ्या प्रत्येक श्वासाबरोबर ते तिच्या बरगड्यांवर वाजत होतं. वंदनाचं आलं, हिचं आलं, आता तिसरी कोण?

झोप पुन्हा तीन तासांवर आली.

मूर्तिजापूरकडच्या एका गावात दोन चुलतभावांच्या बांधाची मोजणी होती. कापसाची वेचणी चालू होती, बाया काम थांबवून बघत होत्या. कुंदानं उपग्रहावरून मोजणारा रोव्हर टेकवला, आकडा वाचला आणि शिपायाला म्हणाली, "खूण इथे घाला."

शिपाई शेगोकार वीस वर्षं मोजणीच्या कामात होता. तो पहार हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "एक डाव परत पाहा. जुनी खूण त थ्या पळसापाशी हाय."

तिनं पुन्हा बघितलं. रोव्हरमध्ये आदल्या शेताचा गट नंबर तसाच राहिला होता. खूण चार मीटर चुकली असती. चार मीटरवरून या भागात डोकी फुटली होती. ती त्या बांधाच्या धुऱ्यावर बसून राहिली. शेगोकारनं पाण्याची बाटली पुढे केली आणि जमलेल्या लोकांना मोठ्यानं सांगितलं, "मशीन गरम झालं, दहा मिनिटं थांबा."

त्याच संध्याकाळी तिनं नागपूरला कळवलं: पट्टा सोडायचा आहे.

---

सात दिवसांतल्या चौथ्या दिवशी किल्लेदार मॅडमनी तिला पडद्यावर बोलावलं.

"कारण नाही सांगितलंत तरी चालेल," त्या म्हणाल्या.

"तिचं परत आलंय ना?"

"ते मी सांगू शकत नाही. आलं असतं तरी नाही, नसतं आलं तरी नाही."

"मला कळतं, मॅडम. मी रोज मोजते. तिचा श्वास बिघडला तेव्हापासून माझी झोप गेली."

किल्लेदार मॅडम म्हणाल्या, "तिची नोंद मी दाखवू शकत नाही. तुमची दाखवू शकते, ती तुमचीच आहे."

पडद्यावर एक रेघ आली. जूनपासून उतरत उतरत आलेली, ऑगस्ट-सप्टेंबरात जवळजवळ सपाट. मग एका जागी ती एकदम वर उडाली होती.

"हा दिवस बघा. नऊ ऑक्टोबर. तुमचा श्वास त्या रात्री मिनिटाला सतरा होता. पुढचे बारा दिवस तसाच. जोडीदाराचा श्वास बदलल्याचं तुम्हाला कधी जाणवलं?"

"वीस-एकवीस तारखेला."

"म्हणजे तुमची रेघ आधी हलली."

कुंदाला काही कळेना. पट्टा बांधला तेव्हापासून तिच्याकडे काय येतं, एवढंच तिनं बघितलं होतं. तिच्याकडून काय जातं, याचा विचार तिला एकदाही शिवला नव्हता. बारा रात्री ती वंदनाला आठवत धापा टाकत पडली होती. त्या धापा कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी बाईच्या बरगड्यांवर आदळत होत्या.

"म्हणजे मीच तिला घाबरवलं?"

"असेल. किंवा तिचं तिला काही कारण असेल. किंवा दोन्ही. मला जे माहीत आहे ते बोलता येत नाही आणि सगळं मलाही माहीत नाही." मॅडमनी रेघेवर बोट ठेवलं. "कुंदाताई, नऊ ऑक्टोबरला काय झालं होतं?"

कुंदानं पडदा बंद केला. पण त्या संध्याकाळी दिवाकर दुकानातून आला, हातपाय धुऊन बसला, तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन बसली.

"वंदना गेली," ती म्हणाली. "महिना झाला. मी तुम्हाले सांगितलं नाही."

दिवाकरनं हातातला टॉवेल खाली ठेवला.

"मले माहीत हाय," तो म्हणाला. "तिचा भाऊ दुकानात सांगाले आला होता. मी मातीले जाऊन आलो."

"कधी?"

"त्याच दिवशी. दुकानातच आंघोळ केली अन् मंग घरी आलो. तू तवा झोपत होती ना चांगली. म्हटलं, काहून सांगा."

कुंदाला आठवलं. नऊ ऑक्टोबरला तो ओल्या केसांनी घरी आला होता. विचारल्यावर म्हणाला होता, दुकानात उकडलं. ती मग रडली, आवाज करून रडली. दिवाकर उठून तिच्याजवळ बसला. हात लावावा की नाही हे त्याला कळेना, म्हणून त्यानं हात स्वतःच्या मांडीवरच ठेवला. तिनं तो उचलून आपल्या पाठीवर नेला.

"घाबरला हाय तो," दिवाकर म्हणाला.

"असू द्या. मीपण घाबरलीच हावो."

---

तिनं पट्टा सोडला नाही. पण आता ती वेगळ्या रीतीनं झोपायला जात होती. साडेपाचच्या वहीत वंदना आली, पानंच्या पानं आली. सहाला वही बंद झाली. आडवं झाल्यावर ती आधी आपला श्वास सोडायची, सावकाश, पोट रिकामं होईपर्यंत, कारण तो आता कुणालातरी जाऊन लागणार होता. पलीकडचा खोकला आला की काळीज हलायचंच. ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. पुढचा श्वास मात्र होता. कधी जमायचं, कधी नाही. न जमलं तर ती पट्टा काढून बाहेर जाऊन बसायची, शांत झाली की परत यायची. दिवाकर जागा असला तर तोही बाहेर येऊन बसायचा. दोघं बोलायची किंवा नुसतीच बसायची.

नोव्हेंबर संपला. तिची झोप पाच तासांवर आली. पलीकडचा श्वास तेरावर उतरला आणि तिथेच राहिला. उसासा परत आला नाही.

सहा महिने पूर्ण झाले. शेवटी एक अर्ज असायचा: दोघांची संमती असेल तर ओळख करून देऊ. कुंदानं दोन दिवस तो तसाच ठेवला. भेटलं म्हणजे कळणार. न कळलेलं तिनं दोन महिने कसंबसं पेललं होतं, ते सोडून कळलेलं हातात घ्यायचं? तिसऱ्या दिवशी तिनं सही केली. पलीकडून संमती आधीच आलेली होती.

नाव होतं सेलिना डाबरे. गाव वसई.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कुंदा आणि दिवाकर वसईला उतरली. नाताळ चार दिवसांवर आला होता. घराघरांवर कागदी चांदण्या टांगल्या होत्या. डाबऱ्यांची वाडी समुद्राच्या बाजूला होती. केळी, नारळ आणि त्यांच्यामध्ये फुलांचे वाफे. ओटीवर खुर्ची टाकून साठीच्या आसपासची एक बाई बसली होती. अंगानं बारीक, डोक्याला रुमाल, रुमालाखाली केस नाहीत. तो रुमाल बघितला आणि कुंदाला विचारायची गरज उरली नाही.

सेलिना मात्र तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती.

"तू अकोल्याची?" ती म्हणाली. "तूच ती?"

"हो."

"अगं, तू तर चांगली धडधाकट आहेस!" सेलिनाचा आवाज चिडल्यासारखा झाला. "मला वाटलं, तूच चाललीस!"

कुंदा ओटीच्या पायरीवर बसली. सेलिनाच्या सुनेनं पाणी आणलं. दिवाकर वाफ्यापाशी जाऊन पंपाकडे बघत उभा राहिला.

सेलिनानं सांगितलं ते असं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिला बारीक खोकला होता. तिनं तो मनावर घेतला नव्हता. मग एका रात्री पट्ट्यातून धापा यायला लागल्या. रोजच यायला लागल्या. तिला वाटलं, पलीकडच्या बाईचं परत आलं. त्या भीतीनं तिचीही झोप गेली आणि त्याच भीतीनं ती स्वतःच्या खोकल्यासाठी तपासायला गेली. फुप्फुसात दोन डाग निघाले.

"डॉक्टर म्हणाले, अजून महिना थांबला असता तर गोळ्यांचा उपयोग नव्हता. आता गोळ्या चालू आहेत, किमो पण झाला दोनदा. डाग लहान झालेत." ती खोकली. कुंदाच्या बरगड्यांना तो खोकला ओळखीचा होता. उघड्यावर तो खूपच लहान वाटला. "नागपूरच्या बाई म्हणाल्या, तुम्हाला पट्टा सोडायचा असेल तर सोडा, तुमच्यावर आता भार आहे. मी म्हटलं, कशी सोडू? ती पलीकडची बिचारी मरतेय आणि मी उठून जाऊ? मी सांगितलं, तिला कळू देऊ नका माझं. मी रोज मोजून मोजून श्वास सोडत होते तुझ्यासाठी."

"मीपण," कुंदा म्हणाली.

मग सेलिना हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली. सून धावत आली तरी तिचं हसू थांबेना.

जेवणानंतर, दुपारी, सेलिना म्हणाली, "आता तुझे सहा महिने झाले. तू सुटलीस."

"आणि तुम्ही?"

"माझं परत आलेलं आहे. आमच्यासारख्यांना नवी जोडी देत नाहीत. जो कोणी माझ्याशी जोडला जाईल त्याची झोप जाईल, हा त्यांचा नियम. बरोबर पण आहे." ती वाफ्यांकडे बघत होती. "रात्र लांब असते ग. सून, मुलगा, सगळे करतात. पण ती बरी आहेत ना. ती झोपली की मी एकटी."

परतीच्या प्रवासात मनमाडपर्यंत कुंदा खिडकीबाहेर बघत होती. तिच्यासमोर दिवाकर शेंगा सोलत बसला होता.

"तू पट्टा बांधणार हाय ना परत?" तो म्हणाला.

"अजून ठरवलं नाही."

"ठरलं हाय तुह्यं. पाहून राह्यलो ना मी." त्यानं सोललेले दाणे तिच्या हातावर ठेवले. "पन एक सांगतो. ती गेली न्, त मले झोपीतून उठवजो. एकटी बसू नको."

---

किल्लेदार मॅडमनी सरळ नकार दिला. मग म्हणाल्या, केंद्राच्या समितीपुढे ठेवते. समितीनं दोनदा परत पाठवलं. जानेवारीच्या अखेरीस कुंदाला पुन्हा पडद्यावर बोलावणं आलं.

"परवानगी मिळाली आहे. वेगळी नोंद म्हणून, ओळखीतली जोडी. आमच्याजवळ असं एकही उदाहरण नाही." मॅडमनी चष्मा काढला. "कुंदाताई, मी कागदावर लिहिलंय, तरी तोंडानं सांगते. तुमची झोप बिघडेल. त्यांचा आजार कदाचित आटोक्यात राहील, वर्ष, दोन वर्षं, पाच. कदाचित नाही राहणार. एक दिवस तो पट्टा फुगायचा थांबेल आणि तुम्ही तेव्हा अंथरुणात असाल. तुमची जी सगळ्यात मोठी भीती आहे, ती रोज रात्री तुम्ही अंगाला बांधणार आहात."

"माहीत आहे."

"मग कशासाठी?"

वंदनाच्या मातीला ती गेली नव्हती. तिच्या शेवटच्या महिन्यात भेटायलाही गेली नव्हती. फोन वाजला की उलटा ठेवत होती. ते तिनं सांगितलं नाही.

"तिला कुणीतरी लागतं, मॅडम," ती एवढंच म्हणाली. "आणि मला आता तिची सवय आहे."

तिनं सही केली.

त्या रात्री बाराला ती आडवी झाली. दिवाकरचा हात पाठीवर होता, पट्ट्याच्या जरा वर. बराच वेळ काही आलं नाही. मग बरगड्या उचलल्या गेल्या, आखूड, घाईत, पुन्हा, पुन्हा. खोकल्याचे चार धक्के बसले. कुंदाची बोटं मानेकडे निघाली. तिनं ती वाटेतच थांबवली आणि उशीखाली घातली. मग तोंडानं श्वास सोडला, लांब, पोट रिकामं होईपर्यंत. पलीकडे काही फरक पडला नाही. तिनं पुन्हा सोडला. पुन्हा.

एकदा ती उठून बाहेर जाऊन बसली. परत आली.

पहाटे साडेपाचला गजर झाला. स्वयंपाकघरात दिवाकर चहा ठेवत होता. कुंदा खुर्चीवर येऊन बसली, डोळे चुरचुरत होते. टेबलावर फोन वाजला. वसईहून निरोप होता. तिनं तो दोनदा वाचला.

"किती झोपली?" दिवाकरनं विचारलं.

"साडेतीन तास."

"आन् ती?"

"साडेचार."

दिवाकरनं गॅस बारीक केला. "बरं झालं," तो म्हणाला आणि आल्याचा तुकडा ठेचायला घेतला.